पुढच्या बेअरिंगची वात

आत्या,

तू गेल्यावर तुझ्या खोलीत दिवा लावला होता. त्यात तेल घालायची आठवण घरात प्रत्येकाला होती. बाबा तिथेच चटईवर बसून असायचा आणि ज्योत जरा बारीक झाली की उठायचा. आई दुपारी तुझ्याच कापसाच्या डब्यातून वाती वळायची. शेजारच्या काकू आल्या की आधी दिव्याकडे बघायच्या, मग आमच्याकडे. तेराव्यापर्यंत तो दिवा एकदाही शांत झाला नाही. पलीकडच्या खोलीत, एका भिंतीच्या अंतरावर, तुझ्या लेथचे, त्या लोखंड कातायच्या मशीनचे, तेलाचे दोन्ही कप कोरडे पडले होते. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तुला हे अजिबात चाललं नसतं. "दिव्याचं काय, विझला तर काडी ओढा. बेअरिंग एकदा सुकं फिरलं की गेलं," असं तू तेराव्याच्या पंगतीत उभी राहून म्हणाली असतीस आणि वर भटजींना विचारलं असतंस की तुमच्या स्कूटरचा तो आवाज अजून येतो का.

मी हे मराठीत लिहिते आहे, याचं तुला नवल वाटेल की नाही, मला सांगता येत नाही. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर मशीनचे भाग काढते तेही इंग्रजीत. नातेवाईक म्हणायचे, हिला मराठी नीट येत नाही म्हणून गप्प असते. तू म्हणायचीस, "येतं सगळं. फक्त बाहेर यायला वेळ लागतो." लाडात असलीस की मला "ए मुके" अशी हाक मारायचीस. पाहुण्यांसमोर तू तसं म्हटलंस की आईला आवडायचं नाही. मला आवडायचं. दुसरं कुणी म्हटलं असतं तर आवडलं नसतं.

तुझं ते लेथ आमच्या रो-हाऊसमध्ये आलं तेव्हा मी शाळेत होते. तळोज्याचा तुझा कारखाना बंद पडला होता आणि भंगारात निघालेलं हे मशीन तू मागून घेतलंस. त्यावर तू स्वतः कित्येक वर्षं काम केलं होतं. टेम्पोतून ते उतरवताना सेक्टरातले अर्धे लोक बघायला आले. गृहिणी वॉशिंग मशीन घेतात, हिने हे काय घेतलं, असं कुणीतरी म्हणालं. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "वॉशिंग मशीन बिघडलं की त्याचा पार्ट याच्यावर बनतो. बिघडलं की या." त्या घरातलं मशीन नंतर खरंच आलं. तू काम करून दिलंस आणि एक शब्द बोलली नाहीस. तुझ्यासारख्या बाईला न बोलणं किती जड गेलं असेल, हे मला तेव्हाही दिसत होतं.

उरणकडचे होडीवाले तांडेल पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो. त्यांच्या होडीच्या पंख्याचा दांडा ज्या धातूच्या नळीत फिरतो तो बुश झिजला होता. दारात तू उभी, अंगावर गाऊन, वर पुरुषी शर्ट, केसांना रुमाल. त्यांनी तुझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"बाय, मिस्त्री नाय का घरान?"

"आहे ना. जेवायला बसलाय. उठवू?"

"उठवा ना. आमची होडी किनाऱ्याला लागून हाय."

तू आत आलीस, ताटावरचा घास संपवलास, हात धुतलेस, तोंड पुसलंस आणि पुन्हा दारात गेलीस. "उठला मिस्त्री. दाखवा बुश."

तांडेल आधी लाजले, मग इतके हसले की मीही जिन्यावर बसून हसले. त्यानंतर ते दुसरीकडे कुठे गेले नाहीत. तुझ्या अंत्यविधीला ते आले होते. एका बाजूला उभे होते. निघताना माझ्याजवळ आले. "तुजे आतेनी केलेला बुश आजून फिरतंय," एवढंच म्हणाले. लोक बरंच काही बोलले त्या दिवशी. माझ्या लक्षात तेवढंच राहिलं.

तुला अभिमान होता आणि तू तो लपवत नव्हतीस. बायकांनी लपवायचा असतो असं आम्हाला शाळेतही शिकवलं गेलं आणि घरातही. तू एखादा शाफ्ट पूर्ण केलास की उजेडात धरून म्हणायचीस, "काय झालाय बघ! मलाच माझा हेवा वाटतो." आपटा गावच्या गिरणीवाल्याने एकदा तुझ्या कामात चूक काढली, तर तू त्याच्यासमोर माप लावलंस आणि चूक तुझीच निघाली. तेव्हाही तू त्याच आवाजात म्हणालीस, "बरोबर आहे तुमचं. परत करते." नवा करून दिलास आणि तो हातात घेऊन, "आता मात्र बघा!" मला वाटतं, चूक मान्य करायला तुला कधीच जड गेलं नाही. फक्त माझ्याशी वाद हरायला जड जायचं.

या वादाबद्दलच मला लिहायचं आहे.

ज्यांनी तुझं मशीन पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. त्याला आजच्यासारखी बंद बेअरिंग नाहीत. मुख्य दांडा गनमेटलच्या दोन बुशांत फिरतो. एक पुढे, कातायचा तुकडा पकडणाऱ्या चकाच्या बाजूला. एक मागे, पट्ट्याच्या बाजूला. दोन्हींवर पितळी कप आहेत. कपात तेल घालायचं, आणि आत एक वात. वातीचं एक टोक तेलात, दुसरं मधल्या नळीतून खाली दांड्याकडे सोडलेलं. वात तेल शोषते आणि थेंबाथेंबाने खाली देत राहते. सकाळी वात खाली सोडायची, संध्याकाळी तारेच्या आकड्याने वर काढायची. विसरलं तर कप आपोआप रिकामा होतो.

तू वात कापसाचीच घालायचीस. समईच्या वातीपेक्षा जाड, तीन पदरी, पण वळायची पद्धत तीच, मांडीवर. आजी तशीच वळायची, असं तू सांगायचीस. डबाही एकच होता. देवाच्या वाती आणि मशीनच्या वाती एकाच डब्यातल्या.

या एकाच डब्यामुळे आईचा घोटाळा झाला. खंडेनवमी होती. तू मशीन पुसून लख्ख केलंस, चकाला झेंडूचा हार घातलास, मशीनच्या लोखंडी बेडवर हळदकुंकू वाहिलंस, ऑइलकॅनचीही पूजा केलीस. त्या दिवशी मशीन फिरवायचं नाही, त्याला सुट्टी. आईने आरतीचं तबक आणलं, समईत तेल घातलं आणि तिला वाटलं, इथेही वाती आहेत, हेही आज देवच. दोन्ही कप तिने भक्तिभावाने गोड्या तेलाने भरले. कुणाला सांगितलंही नाही. पुण्य सांगायचं नसतं.

दसरा झाला, तू मशीन सुरू केलंस, आणि थोड्या वेळाने खोलीत वास सुटला. तू नाक वर केलंस. "कुणाकडे पोहे करतायत?"

मग तू पुढच्या कपाचं झाकण उघडलंस.

"सुनंदा! अगं मशीनला फोडणी द्यायची नाहीये!"

आई जिन्यावरून खाली आली ती रडवेली होऊनच. "वन्सं, मला वाटलं…"

"बरोबर वाटलं तुला. फक्त मोहरी घालायची राहिली."

आणि तू हसत सुटलीस. हसता हसता स्विच बंद केलास, बाही वर केलीस. पुढे काही दिवस आपण ते चिकट तेल रॉकेलने धूत बसलो. आई शरमेने सारखा चहा आणून देत होती. कप कसा उघडायचा, नळी कशी साफ करायची, वात किती लांब ठेवायची, हे मला त्या दिवसांत कळलं. आईच्या भक्तीचे आभार.

तेव्हापासून तू मला बेअरिंग बघायला लावायचीस. मशीन थोडा वेळ चाललं की हात पालथा करून बेअरिंगच्या माथ्यावर ठेवायचा, तापात कपाळाला लावतात तसा. आधी पुढच्या, मग मागच्या. तू स्वतः हात लावून काही न बोलता बाजूला व्हायचीस आणि म्हणायचीस, "बोल."

मी म्हणायचे, "गार." किंवा, "कोमट." किंवा, "पुढचं गरम आहे, थांबव."

वर्गात बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर माहीत असूनही माझा हात वर जायचा नाही. नातेवाइकांत मी निवडायच्या भाजीची परात किंवा मोबाइल शोधून तिथे नजर लावून बसायचे. तुझ्या त्या खोलीत मात्र मला बोलावंच लागायचं. मी बोलल्याशिवाय तू पुढचा कट घ्यायची नाहीस. माझ्या एका शब्दावर मशीन चालायचं किंवा थांबायचं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही नाही, कारण मला वाटतं, तू ते मुद्दामच करत होतीस.

पुढचं बेअरिंग नेहमी जास्त तापायचं. त्याच्यावर भारही जास्त, हे खरं. पण मला वाटायचं, भारापेक्षा वात कमी पडते. कापूस भिजून दबतो, घट्ट होतो, मग तेल हळू जातं. नोकरी लागल्यावर मी जुन्या मशीनबद्दल थोडं वाचलं, आणि एका संध्याकाळी बराच वेळ मनात वाक्य जुळवून तुला म्हणाले, "पुढच्या कपात लोकरीची वात घालून बघूया का? लोकर दबत नाही. फुगलेली राहते."

"लोकर?" तू चष्मा कपाळावर सरकवलास. "पनवेलात? इथे माणसाला स्वेटर लागत नाही आणि मशीनला घालू?"

"स्वेटर नाही, वात."

"आमची सगळी हयात कापसावर गेली. कारखान्यात कापूस, आईच्या समईत कापूस. आता तुझ्या इंटरनेटवरची मेंढी येणार आणि मला शिकवणार."

मी न राहवून म्हणाले, "दिव्यात वात जळते, आत्या. इथे ती जळत नाही, नुसती पाजते. काम वेगळं आहे."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. एवढं लांब मी एका दमात बोलले होते म्हणून असेल. "वकील झालीस तर बरं होईल," म्हणालीस आणि पट्टा चढवलास. वाद तिथे थांबला. संपला नाही. दर आठवड्याला तू तो उकरून काढायचीस. "काय म्हणतेय तुझी मेंढी?" भाजी निवडतानाही. मी एकदा म्हटलं, "पुढचं आजही गरम होतं." तू म्हणालीस, "उन्हाळा आहे."

मग काही महिन्यांनी तू नियम बदललास. मागच्या कपात मी तेल घालायचं, पुढच्याला हात लावायचा नाही. बेअरिंगला हात लावून बोलायचंही बंद. "मी बघते माझं." मला वाटलं, तुला माझं ते बोलणं लागलं. मी काही विचारलं नाही. मी विचारत नाही, हे तुला माहीतच होतं.

तू आजारी पडलीस ते अचानकच. मशीन चालू असताना तुला घाम फुटला, बाबाने स्विच बंद केला आणि तुला धरून रिक्षात बसवलं. वाती खालीच राहिल्या. हॉस्पिटलमध्ये तू शेवटच्या दिवसांत फारसं बोलत नव्हतीस. एका दुपारी माझं मनगट धरलंस. मला वाटलं, पाणी हवंय.

"पुढचं हल्ली गार असतं गं," तू म्हणालीस.

मी "हो" म्हटलं. नर्स माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं तू भ्रमात आहेस. मलाही तसंच वाटलं. तू डोळे मिटून घेतलेस, पण तोंडाची एक कड किंचित वर गेली होती. एखादा भाग बरोबर मापात बसला की जायची तशी.

तेराव्यानंतरच्या रविवारी बाबाने हमीदभाईंना बोलावलं. तुझे हमीदभाई, गल्फमधून परत येऊन ज्यांनी उरण रस्त्याला वर्कशॉप टाकलं, आणि कामावरून ज्यांच्याशी तुझी दर महिन्याला जुंपायची ते. बाबाला मशीन नकोसं झालं होतं असं समजू नकोस. तो मला म्हणाला, "गंजत पडण्यापेक्षा ज्याला कळतं त्याच्या हातात जाऊ दे. ताईला तेच आवडलं असतं." मला त्यात खोट काढता येईना. मशीन चालवायचं तर चालवणारं कुणी हवं. मी काही बोलले नाही, आणि बाबाने ते हो समजून घेतलं. आपल्या घरात माझं गप्प बसणं बरेचदा हो समजलं जातं.

हमीदभाई आले, दारात थांबून तुझ्या फोटोकडे बघितलं, मग आत गेले. बेडवरून हात फिरवला. "क्या बात है. बाईंनी अजून स्क्रॅच येऊ दिला नाही."

"चालू करून दाखवतो," बाबा म्हणाला. आयुष्यात त्याने ते मशीन एकदाच बंद केलं होतं, चालू कधीच नाही. तरी मालकासारखा स्विचकडे गेला. ताईचं मशीन चांगलं आहे, हे त्याला दाखवायचं होतं.

"बाबा, थांब!"

माझा आवाज इतका मोठा आला की आई वरून खाली आली.

"वाती खाली राहिल्यात तेव्हापासून," मी म्हणाले. "कप रिकामे असणार. सुकं फिरेल."

बाबाचा हात स्विचवरच होता. हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याचा हात हळूच बाजूला केला. "बच्ची बरोबर बोलतेय. तेल घाल बेटा. मला घाई नाही."

मी मागचा कप उघडला. कोरडा. कापसाची वात कडक होऊन बसली होती, आकड्याने ओढली तर तुटली. मग पुढचा. तू हात लावू दिला नव्हतास तो. झाकण काढलं, आकडा आत घातला, आणि जी वात वर आली ती पांढरी नव्हती.

हिरवी होती. एका कडेला पिवळा धागा.

तो रंग मला ओळखू येणार नाही असं होणारच नव्हतं. डिसेंबरात शाळेत सक्तीचा तो स्वेटर. खऱ्या लोकरीचाच हवा असा शाळेचा हट्ट. घामाने मान खाजायची, आई दर वर्षी चिडायची. शाळा संपल्यावर तो कुठे गेला, मला माहीत नव्हतं. मी मशीन पुसायच्या चिंध्यांचं पोतं उपसलं. तळाशी तो होता. एक बाही कोपरापर्यंत उसवलेली.

आत्या, एका वातीला एवढी लोकर लागत नाही. बोटभर पुरते. तू किती वाती करून पाहिल्यास? जाड, बारीक, सैल, पिळलेली? मी ऑफिसात असताना, खोलीचं दार लावून? आणि मागच्या कपात मात्र कापूस तसाच ठेवलास, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी चालवून बघत होतीस. मेंढीला एक कप, आजीला एक कप. बेअरिंगला हात लावू देत नव्हतीस, कारण हात लावला असता तर मी बोलले असते.

हॉस्पिटलमध्ये तू भ्रमात नव्हतीस. तू मला सांगत होतीस. तुझ्या पद्धतीने, माझं नाव न घेता, जेवढं हरता येईल तेवढंच हरून.

हिरवी वात मी वाटीत तेलात भिजत ठेवली. "मुरायला वेळ लागेल," मी म्हणाले. आईने चहा टाकला. हमीदभाई तुझ्या स्टुलावर बसले, बाबा दारात. मी डब्यातून कापूस घेतला, मांडीवर तीन पदरी वात वळली. आई बघत होती. दिव्यासाठी तिने वळलेल्या वाती त्याच डब्यात उरल्या होत्या.

"भाभी," हमीदभाई आईला म्हणाले, "पोह्यांचं तेल तर नाही ना घालत ही?"

आई तोंडावर पदर घेऊन हसली, आणि हसता हसता रडली. तू बाहेरही सगळ्यांना सांगितलं होतंस तर.

दोन्ही कप भरले. चक आधी हाताने फिरवला, सावकाश, तेल आत पोचेपर्यंत. मग स्विच मी लावला. पट्टा थोडा फडफडला आणि तुझ्या खोलीतला तो आवाज पुन्हा आला. बाबा बाहेर निघून गेला आणि थोड्या वेळाने परत आला.

हमीदभाईंनी बऱ्याच वेळाने हात पालथा करून पुढच्या बेअरिंगवर ठेवला. मग मागच्या. मग पुन्हा पुढच्या. "उलटं कसं? पुढचं तापायला पाहिजे."

"वात लोकरीची आहे," मी म्हणाले. "आत्याने घातली." जराशाने म्हणाले, "मी सांगितलं होतं."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण मी तुझी भाची आहे.

हमीदभाईंनी खिशातून टेप काढला होता, मशीन दारातून जातं का बघायला. मी म्हणाले, "बाबा, विकायचं नाही."

"चालवणार कोण?"

"मी. रविवारी. आणि अडलं तर…" मी हमीदभाईंकडे पाहिलं.

त्यांनी टेप खिशात ठेवला. "अडलं तर फोन कर. बाईंशी भांडायची सवय आहे मला, आता तुझ्याशी भांडेन. पट्टा ढिला आहे तो घट्ट कर आधी." मग बाबाकडे वळून, "साहेब, मी चहा प्यायलाच आलो होतो असं समजा."

संध्याकाळी मी वाती वर काढत होते तेव्हा बाबा येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हे रोज करायचं असतं? दाखव मला. तू ऑफिसात असलीस तर." आकडा धरायला तो अजून घाबरतो.

तांडेलांचा फोन आला होता. बुशाचं एक काम आहे. मी सांगितलं, मला आत्यासारखं जमणार नाही, वेळ लागेल. ते म्हणाले, "लागू दे. होडी काय पलून जात नाय."

मागच्या कपात मी कापूसच ठेवला आहे. लोकर पोत्यात भरपूर आहे, दुसरी बाही अख्खी आहे, पण मी ती घालणार नाही. तू अर्धंच मान्य केलं होतंस आणि बाकीचं अर्धं मला परस्पर जिंकायचं नाही. वाद चालू राहू दे.

आज रविवार आहे. मशीन आत्ताच थांबवलंय. मी पालथा हात ठेवून पाहिला, आधी पुढे, मग मागे. पुढचं गार आहे. मागचं किंचित कोमट.

मी बोलले, आत्या. आता तू बोल.